बीजकेंद्राचं फाटक

"उठता की ट्रॅक्टर घालू अंगावर?"

दंगल पाटील ट्रॉलीवर उभे राहून ओरडत होते. त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत ओल्या लाल मिरचीत रुतले होते. त्यांच्यामागे बाजार समितीपासून थेट गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत तशाच भरलेल्या ट्रॉल्यांची रांग होती. आणि समितीच्या फाटकासमोर आडव्या बसलो होतो आम्ही, मिरची पसरणाऱ्या, वाळवणाऱ्या, देठ खुडणाऱ्या बाया. मी त्यांच्या युनियनची सेक्रेटरी, इंदू वळवी. सव्विशीची होते, बारावी शिकलेली, आणि आवाज असा की माईकवाल्याला कधी बोलवावं लागलं नाही.

"घाला!" मी म्हटलं. "पण आधी त्या कुलपावर घाला. फाटक आम्ही नाही लावलं, शेठ लोकांनी लावलंय!"

ते खरंच होतं. कोरवाड्याचा बाजार म्हणजे मिरचीचा बाजार. शेतकरी ओली मिरची आणायचे, व्यापारी लिलावात ती घ्यायचे आणि गावाबाहेरच्या आपापल्या पथाऱ्यांवर, म्हणजे मोकळ्या मैदानांवर, वाळवायला टाकायचे. पथारीवरचं सगळं काम बायांचं. नाकाला फडकं बांधून दिवसभर मिरचीत बसायचं. संध्याकाळी हातांची अशी आग व्हायची की घरी गेल्यावर बाई तान्ह्या लेकराला हात लावायला धजत नसे. आम्ही मजुरीत वाढ मागितली, हातमोजे मागितले आणि पोरं ठेवायला एक पाळणाघर मागितलं. शेठ लोक हसले. आम्ही काम थांबवलं. तेव्हा त्यांनी लिलावच बंद केला. "बाया येत नाहीत तोवर माल घेणार नाही," असं जाहीर केलं. शेतकऱ्यांचा राग त्यांच्यावर जायला हवा होता, तो फिरून आमच्यावर आला. ओली मिरची ढिगात राहिली की आतून तापते, काळी पडते. त्यात त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं.

"इंदे," शेजारी बसलेली गेंदाबाई हळूच म्हणाली, "हा पाटील खरंच घालेल हो."

"नाही घालत. भाऊ येताहेत आज."

"येताहेत खरे. पण कुणाकडून येताहेत ते बघायचं."

भाऊ म्हणजे नथू वाडिले, राज्याचे कृषिमंत्री. कोरवाड्याच्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाठी उचलणारा हा माणूस. तिथेच त्यांनी युनियन काढली, संप केला, तुरुंगात गेले, आणि तुरुंगातून आले ते निवडणुकीला उभे राहिले. एकदा निवडून आले ते परत पडलेच नाहीत. बरीच वर्षं कामगार खात्याचे मंत्री होते. आमची बायांची युनियनही त्यांनीच काढून दिली होती, आणि मला शाळेच्या पटांगणात टेबलावर उभी करून पहिलं भाषण करायला लावलं होतं. मग त्यांना शेतीखातं मिळालं. तेव्हापासून शेतकरी म्हणायचे, हा मजुरांचा माणूस, याला आमचं काय कळणार? आणि मजूर म्हणायचे, भाऊ आता जमीनवाल्यांचे झाले. गेल्या दोन वर्षांत ते आमच्या एकाही सभेला आले नव्हते. मी एका सभेत बोललेही होते, "लाल दिव्याच्या उजेडात माणसं दिसत नसावीत." ते त्यांच्या कानावर गेलंच असणार.

दुपारच्या सुमाराला गाडी आली. पुढे पोलिसांची जीप, मागे पोलिसांनीच भरलेली निळी गाडी. काठ्या घेतलेले पोलीस उतरून भिंतीला लागून उभे राहिले. बाया एकमेकींना चिकटल्या. व्यापारी संघाचे अध्यक्ष जगदीशशेठ हार घेऊन पुढे धावले. भाऊंनी हार घालून घेतला, आमच्याकडे पाहून हात जोडले आणि बाजूच्या छोट्या दारानं समितीच्या कचेरीत गेले.

 गेंदाबाईनं नाकावरचं फडकं सोडून परत घट्ट बांधलं.

थोड्या वेळानं इन्स्पेक्टर बाहेर आले. "युनियनच्या बाईंना साहेबांनी आत बोलावलंय. आणि शेतकऱ्यांपैकी कोण? पाटील, तुम्ही या."

आत पंखा गरगरत होता. टेबलावर पेढे होते, त्यांना कुणी हात लावला नव्हता. भाऊ खुर्चीत बसले होते. थकल्यासारखे दिसत होते. जगदीशशेठ त्यांच्या उजव्या हाताला.

"इंदू, बस."

"उभीच बरी आहे, भाऊ."

"संप मागे घे," ते म्हणाले. सरळ, काही आडपडदा न ठेवता. "आज फाटक उघडू दे. दोन महिन्यांनी मी स्वतः येऊन तुमचं मिटवतो."

"दोन महिन्यांनी हंगाम संपलेला असेल."

"मला कळतं ते."

"मग कळून सांगताय?"

 जगदीशशेठ खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकले. "भाऊ, मी म्हटलं होतं ना? यांना समजुतीची भाषा समजत नाही. बाहेर पोलीस आणलेत ते काय शोभेला?"

  मी म्हटलं, "बायांना उचलायचं असेल तर खुशाल उचला. पण पोलिसांना नका सांगू, भाऊ. तुम्ही स्वतः या बाहेर. आणि गेंदाबाईपासून सुरुवात करा. तुम्ही तुरुंगात होतात तेव्हा तुमच्या आईला रोज भाकरी कोण नेऊन देत होतं, तेवढं आठवून तिच्या दंडाला धरा."

भाऊंचा चेहरा उतरला. ते उठले आणि खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. खिडकीतून ट्रॉल्या दिसत होत्या, त्यांच्यावर उतरलेलं काळं आभाळ दिसत होतं.

दंगल पाटलांना मात्र हे सगळं सहन होईना. "तुमचं भांडण तुम्ही वर्षभर करा हो! माझ्या ट्रॉलीत हात घालून बघा, वाफ निघतेय. मी काय करू तेवढं सांगा."

भाऊ खिडकीकडेच तोंड करून म्हणाले, "दंगलबापू, तुम्ही मिरची ओली का विकता?"

"म्हणजे?"

"वाळलेल्या मिरचीला कितीतरी जास्त भाव आहे. वाळवून का नाही विकत?"

"वाळवू कुठे, डोक्यावर?" पाटील भडकले. "शेतात तोडा चालू आहे, जागा नाही, माणूस नाही. पथाऱ्या शेठ लोकांच्या, बायाही शेठ लोकांच्या!"

"बाया कुणाच्या नाहीत," मी म्हटलं.

भाऊ गर्रकन वळले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाटलांकडे, आणि मग एकदम इन्स्पेक्टरकडे.

"स्टेशन रोडवर ते बीजगुणन केंद्र आहे, बियाण्यांचं. ते कुणाचं हो?"

"सरकारचं, साहेब."

"सरकारात कुठल्या खात्याचं?"

"शेतीखात्याचं."

"आणि शेतीखातं कुणाचं?"

इन्स्पेक्टर गडबडले. "आपलंच, साहेब."

भाऊ हसले. हे हसू मी लहानपणापासून ओळखत होते. जिनिंगच्या दारात पोलिसांसमोर उभं राहून ते असेच हसायचे.

"तिथलं पीक निघून गेलंय. एवढं मोठं मैदान नुसतं पडून आहे. बापू, तुमची मिरची तिथे न्या. या बाया पसरवतील, वाळवतील, खुडतील. त्यांनी मागितलेली मजुरी तुम्ही द्यायची. देणार?"

पाटलांनी मनातल्या मनात हिशेब केला. त्यांच्या भुवया वर चढत गेल्या. "वाळून विकली गेली तर का नाही देणार? पण पाऊस आला म्हणजे?"

"पाऊस आला तर तुम्ही, मी आणि या बाया मिळून ताडपत्र्या धरू. इंदू, तुझं काय?"

"मागणी तीच आहे," मी म्हटलं. "मालक बदलला तरी चालेल."

जगदीशशेठ उभे राहिले. हसायचा प्रयत्न करत होते, पण जमत नव्हतं. "भाऊ, हे मुंबईला आवडणार नाही."

"तुम्ही कळवाच मुंबईला," भाऊ म्हणाले. "फोन तिथे कोपऱ्यात आहे."

आणि त्यांनी गळ्यातला हार काढून पेढ्यांच्या ताटावर ठेवला.

पुढचं सगळं कसं झपाट्यानं झालं! भाऊ बाहेर आले ते गाडीकडे गेलेच नाहीत. पाटलांच्या ट्रॉलीचं चाक धरून वर चढले. साठीचा माणूस, धोतर खोचलेलं, मिरचीत पाय रोवून उभा राहिला आणि त्यांनी असा आवाज टाकला की नाल्यापर्यंतची रांग चपापली.

"ट्रॅक्टर वळवा! सगळे वळवा! बीजकेंद्राकडे चला! आजपासून कोरवाड्याची मिरची शेतकरी वाळवणार आणि आपल्या बाया त्याची मजुरी घेणार!"

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग पाटलांनी स्वतःचा ट्रॅक्टर सुरू केला. मागून दुसरा, तिसरा. इंजिनांचा एकच गदारोळ उठला. त्या अरुंद रस्त्यावर ट्रॉल्या मागेपुढे होऊ लागल्या, कुणी शिव्या देतंय, कुणी हसतंय, कुणी उतरून चाकं जावीत म्हणून गटारात दगड टाकतंय. आम्ही उठलो. काल ज्या माणसांनी आम्हाला नको नको ते ऐकवलं होतं, तेच ट्रॉलीतून हात खाली देऊन बायांना वर ओढत होते. भिंतीला लागून उभे असलेले पोलीस काठ्या काखेत धरून नुसते बघत राहिले. मग इन्स्पेक्टरनं त्यांना हुकूम दिला, "रस्ता मोकळा करा रे, अपघात होईल."

बीजकेंद्राच्या फाटकाला कुलूप होतं. आतून अधिकारी सोनवणे धावत आले. घामाघूम.

"साहेब, वरच्या कार्यालयाची परवानगी लागते..."

"मी वरचाच आहे. किल्ली आणा."

"किल्ली शिपायाकडे आहे, साहेब. तो लग्नाला गेलाय शिरपुराकडे."

मागे ट्रॅक्टरांचे हॉर्न वाजायला लागले. वारा सुटला होता, लिंबाची पानं भिरभिरत होती. "आता?" असं भाऊंनी माझ्याकडे बघून विचारलं, तेवढ्यात गेंदाबाई ओरडली, "अगं, नुसतं बघता काय? बिजागरीतून उचला!"

आम्ही धावलो. वीसेक बाया एका बाजूला, चार शेतकरी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये खांदा लावून कृषिमंत्री. "एक, दोन, हां!" लोखंडी फाटक करकरलं, हललं, आणि कुलूप जसंच्या तसं लटकत असताना सगळं फाटक बिजागऱ्यांतून निघून आमच्या हातांवर आलं.

"साहेब, सरकारी मालमत्ता..." सोनवणे रडवेले झाले.

"मोडलं कुठे? संध्याकाळी परत बसवून देऊ," भाऊ म्हणाले. "तुम्ही ताडपत्र्या काढा. खतांच्या गोदामात आहेत, मीच मंजूर केल्यात."

मी आयुष्यात खूप मोर्चे पाहिले, खूप सभा केल्या. पण त्या दुपारचं दृश्य वेगळंच. ट्रॉल्या धडाधड उलटत होत्या. मिरचीचे ढीग पडत होते आणि पडल्या पडल्या बाया फावड्यांनी, टोपल्यांनी, नुसत्या हातांनी ते फाकवत होत्या. बघता बघता सगळं मैदान लाल झालं. खोकल्याचा नुसता कल्लोळ. पाटील शिंकत होते, पोलीस शिंकत होते, भाऊंच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, तरी ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळत ओरडत होते, "पातळ पसरा, पातळ! हवा लागू द्या!"

आणि थेंब पडला. एक माझ्या मनगटावर, एक गालावर.

"ताडपत्र्या!"

आता जो धावला नसेल तो माणूसच नव्हे. शेतकरी एका टोकाला, बाया दुसऱ्या टोकाला, वाऱ्यानं ताडपत्री शिडासारखी फुगायची, आम्ही तिच्यावर पोट टेकून पडायचो. माझ्या ताडपत्रीचं दुसरं टोक इन्स्पेक्टरनं धरलं होतं, टोपी केव्हाच उडून गेली होती. भाऊ तर ताडपत्रीच्या मधोमध आडवे झोपले होते. "माझं वजन आज तरी कामाला येऊ द्या!" असं म्हणत खोकत हसत होते.

थेंब वाढले, तडतड वाजले, आणि तेवढ्यावरच थांबले. वाऱ्यानं आभाळ पूर्वेकडे ढकलत नेलं. मग नदीच्या अंगानं ऊन पडलं. कुणीतरी ताडपत्रीचा कोपरा उचलून पाहिलं आणि आरोळी ठोकली, "भिजली नाही! भिजली नाही!" पाचशे माणसं एकदम ओरडली. गेंदाबाईनं दंगल पाटलांच्या पाठीत आनंदानं असा धपका मारला की पाटील दोन पावलं पुढे गेले.

दिवस मावळायच्या आत जगदीशशेठ आले. बरोबर आणखी तीन व्यापारी. फाटक नव्हतं, तरी ते फाटकाच्या जागी येऊन थांबले. त्यांच्या पथाऱ्या ओस पडल्या होत्या. इथे मात्र गावोगावच्या ट्रॉल्या अजून येतच होत्या. बातमी वाऱ्यासारखी पसरली होती.

"भाऊ, उद्यापासून लिलाव सुरू करतो," ते म्हणाले.

"मला काय सांगता? त्यांना विचारा."

मी पुढे झाले. "मजुरी?"

"देऊ."

"हातमोजे?"

"देऊ."

"पाळणाघर?"

ते घुटमळले. "बघू, जरा..."

पाटील मागून गरजले, "शेठ, आमची तर वाळायला पडलीय. आम्हाला घाई नाही!"

"माझं पथारीवरचं छोटं गोदाम रिकामं करून देतो," जगदीशशेठ घाईघाईनं म्हणाले. "परवा."

"उद्या," मी म्हटलं.

"उद्या."

बाया घरी निघाल्या तेव्हा गात निघाल्या. मी भाऊंना शोधलं. ते रिकाम्या ट्रॉलीच्या कडेला पाय सोडून बसले होते. सदरा लाल, मिशा लाल, डोळे लाल. मी तांब्याभर पाणी दिलं. त्यांनी डोळ्यांवर मारलं.

"भाऊ, मुंबईला खरंच काय म्हणतील?"

"म्हणून झालंय," ते म्हणाले. "सकाळीच फोन आला होता. संध्याकाळपर्यंत संप मोडा, नाही तर खातं सोडा. पोलीस मी नव्हते आणले, त्यांनी माझ्याबरोबर दिले होते."

मी त्यांच्याशेजारी बसले. "मग आत मला म्हणालात ते? तुम्ही मला अजमावत होता?"

"छे! खरंच सांगत होतो. तू हो म्हणाली असतीस तर मी तसाच हार घालून गाडीत बसून गेलो असतो. आणि रात्री छान झोपलोही असतो, हेच वाईट."

"घाबरला होतात?"

त्यांनी थोडा विचार केला. "भीती नव्हती ग माय. खुर्चीची सवय लागली होती."

आठवड्याभरात रेडिओवर बातमी आली. कृषिमंत्री नथू वाडिले यांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. आम्ही बीजकेंद्रातच मिरची उलथत होतो. सगळ्यांचे हात थांबले. पुढे ते अपक्ष उभे राहिले आणि आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून आले, काही वर्षांनी त्यांना शेतीखातंही परत मिळालं, शेतमजूर बायांच्या पाळणाघरांचा नियम त्यांनी सगळ्या राज्यात करून घेतला. पण त्या दिवशी हे काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी आम्हाला एवढंच कळलं होतं की आमच्यामुळे भाऊंचं पद गेलं.

ते एसटीनं आले. लाल दिव्याची गाडी सरकारजमा झाली होती. स्टँडवर मुंगी शिरायला जागा नव्हती. एकीकडे पथारीवरच्या बाया, दुसरीकडे शेतकरी, ढोल, आणि दंगल पाटलांचा झेंडूच्या माळा बांधलेला ट्रॅक्टर. भाऊ हातात पिशवी घेऊन बसच्या पायरीवर आले आणि थबकले.

"वेडे झालात काय रे? मंत्रिपद गेलेल्या माणसाची मिरवणूक काढतात का?"

"चढा गुमान!" पाटील म्हणाले.

भाऊ चढले नाहीत. गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आले. ढोल थांबले.

"सेक्रेटरीबाई," ते मोठ्यानं म्हणाले, "मला काम द्या."

सगळे हसले. मीही हसले. ते हसत नव्हते.

"गंमत नाही करत. उद्यापासून मी रिकामा आहे. सांगा, कुठे जाऊ?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनीच मला टेबलावर उभं केलं होतं, आणि आता तेच माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "नदीपलीकडे दोंदवाड्याच्या पथाऱ्यांवर अजून युनियन नाही. तिथल्या बाया घाबरतात. आमच्या पोरी पत्रकं वाटायला गेल्या तर मालकानं कुत्री सोडली. तिथे उद्या सकाळी जायचंय."

"उद्या कशाला?" भाऊंनी पिशवी पाटलांच्या हातात कोंबली आणि धोतर खोचलं. "अजून ऊन आहे. बाया पथारीवरच असतील. आत्ताच निघू."

आणि कुणी काही म्हणायच्या आत गेंदाबाई पाटलांच्या ट्रॉलीत चढून बसली होती.